गंगेकाठच्या हिरव्या संकुलात राहायला येताय? आधी पाण्याचा हिशेब मांडा

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगापूर नाक्यावरून सोमेश्वरकडे निघालं की होर्डिंगांवर एकच चित्र दिसतं: मागे निळंशार पाणी, पुढे हिरवळ, मधे उंच इमारत. चित्र खोटं नाही, फक्त ते ऑक्टोबरातलं आहे. ऑगस्टात तेच पाणी तांबडं होऊन वाहतं आणि एप्रिल-मेमध्ये आनंदवल्लीच्या वरच्या-खालच्या पट्ट्यात ते पाणवेलींखाली दडलेलं असतं. बाराही महिने इथे राहायचं तर तिन्ही रूपं माहीत हवीत.

मी अशाच एका संकुलात राहतो आणि सोसायटीच्या कमिटीचं काम बघतो. नव्याने येणारे जे विचारतात ते बहुतेक क्लब हाऊस, जिम आणि ‘व्ह्यू’बद्दल असतं. विचारायला हवं ते पाण्याबद्दल. नदीतून येणारं, नाल्यातून येणारं, गच्चीवरून पडणारं आणि आपल्या मोरीतून जाणारं. बिल्डर एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा), सोलर, पावसाच्या पाण्याच्या टाक्या बांधून देतो, चाव्या ठेवतो आणि पुढच्या साइटवर जातो. त्यानंतर ते संकुल हिरवं राहतं की नाही, हे महिन्याच्या मेंटेनन्सवर आणि कमिटीच्या चिकाटीवर ठरतं.

१. आधी रेषा, मग फ्लॅट

गोदावरीच्या काठाने जलसंपदा विभागाच्या पूररेषा आहेत. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. सप्टेंबर २००८ च्या पुराने अर्धं जुनं नाशिक पाण्यात घातलं, तेव्हापासून हा विषय शहरात ऐरणीवर आहे. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, मोकळी जागा, पार्किंग चालतं, नवीन इमारत नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

‘१०० वर्षांतून एकदा’ ऐकून लोक निर्धास्त होतात. हिशेब असा आहे: २५ वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते. २० वर्षांचं गृहकर्ज धरलं तर त्या मुदतीत पाणी एकदा तरी निळ्या रेषेपर्यंत येण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या वर जाते. लाल रेषेसाठीही ती १८ टक्के भरते. म्हणजे हप्ते फिटायच्या आत पूर बघायची तयारी ठेवूनच सही करायची.

सेल्स ऑफिसात गेलात की चार आकडे मागा: त्या जागेवर निळ्या रेषेची पातळी किती, लाल रेषेची किती, इमारतीच्या जोत्याची किती, आणि तळघरात उतरणाऱ्या रॅम्पच्या माथ्याची किती. चारही मीटरमध्ये, मंजूर नकाशावरून. समोरचा माणूस ‘सर, पाणी इथे कधीच येत नाही’ म्हणाला तर चहा पिऊन उठा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन झोन दाखला व पार्ट प्लॅन (विकास आराखड्यातला त्या जागेचा नकाशा) काढा. चौथा आकडा सर्वांत महत्त्वाचा. जोतं नियमात बसतं, तुमचा फ्लॅट आठव्या मजल्यावर असतो, आणि मीटर रूम, पाण्याचे पंप, जनरेटर, लिफ्टचा खड्डा सगळं तळघरात किंवा त्याच्या शेजारी असतं. पूर आठव्या मजल्यावर चढत नाही. तो वीज, पाणी आणि लिफ्ट बंद करतो. मग आठवा मजला तिसऱ्यापेक्षा वाईट.

कागदाच्या जोडीला माणसं विचारा. आसपासचा दूधवाला, जुन्या मळ्यातले आजोबा, नदीकडेच्या देवळातले गुरव. ‘२००८ ला पाणी कुठवर आलं होतं, १६ ला कुठवर, १९ ला कुठवर?’ २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ हे दोन्ही दिवस इथल्या लोकांना नीट आठवतात. ते हाताने भिंत दाखवतात, ती भिंत फोटोत घ्या.

नाला विसरू नका. नाशकात बऱ्याचदा नदीआधी नालाच घरात येतो. सराफ बाजार आणि दहीपुलावर पाणी भरतं ते पुष्कळदा सरस्वती नाल्याच्या वाटेने, गोदेला मोठा पूर नसतानाही. नदी चढली की नाल्याचं तोंड बुडतं आणि वरून आलेलं पाणी मागे फिरतं. तुमच्या संकुलाचं पावसाळी गटार नदीत कुठे सुटतं ते प्रत्यक्ष चालत जाऊन बघा. त्या तोंडावर पाणी मागे येऊ न देणारी झडप आहे का? असेल तर ती हलते का, की गंजून उघडीच अडकली आहे? ही झडप पार्किंगमधल्या कारंज्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते.

२. हद्द कुणाची

आनंदवल्ली, गंगापूर, मखमलाबाद हे महापालिकेत. नदीपलीकडचं चांदशी मात्र हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीचं. बांधकामाच्या परवानग्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. घंटागाडी, नळाचं पाणी, ड्रेनेजची लाइन, बस या चारही गोष्टी हद्दीवर अवलंबून असतात. पत्ता ‘गंगापूर रोड’ लिहिलाय म्हणून महापालिकेचं पाणी येईलच असं समजू नका. टँकरचं बिल कोण भरतंय ते शेजारच्या इमारतीत विचारा.

मखमलाबाद-हनुमानवाडीच्या शिवारात स्मार्ट सिटीची नगररचना योजना यायची होती. रस्ते, बागा, सगळं आखून नवं हिरवं उपनगर. जमीनमालक शेतकऱ्यांच्या विरोधामुळे तो विषय बरीच वर्षं गाजला. ‘पुढे इथे मोठा रिव्हरफ्रंट होणार आहे’ या आश्वासनावर चौरस फुटाला एक रुपयाही जास्त देऊ नका. आज जे आहे त्याचे पैसे द्या.

३. दोनदा बघा

एकदा मे महिन्यात दुपारी, एकदा जुलैत संध्याकाळी. मेमध्ये वास कळतो, जुलैत ओल आणि डास. त्यातच एखादी लग्नतिथ गाठली तर नदीकाठच्या लॉन्सचे स्पीकर बाल्कनीत किती येतात तेही कळेल. पाण्यावरून आवाज लांब जातो. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम आहे; तो पाळला जातो का, ते वॉचमनला विचारा.

४. ताबा घेताना

महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशे, मुदत आणि कोर्टातले वाद बघून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय सामान हलवू नका. ‘तात्पुरतं फिट-आउटसाठी’ चावी देतात, तिच्या मोहात पडू नये.

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्या अटींत एसटीपी, झाडं, पावसाचं पाणी, कचरा हे सगळं कलमांनी लिहिलेलं असतं. ही प्रत मागून घ्या. माहितीपत्रकापेक्षा ती वाचायला कंटाळवाणी आहे आणि दसपट उपयोगी. त्यात लिहिलेली झाडं मोजा. लॉन म्हणजे झाड नव्हे.

ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं रेरा कायद्यातल्या कलम १४ नुसार बिल्डरवर बंधनकारक आहे. एसटीपी नीट चालत नसेल तर हेच कलम कामाला येतं. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सॲपवरच्या रागाला पोच मिळत नाही.

५. एसटीपी: संकुलाचं पोट

इथे जरा थांबतो, कारण हिरव्या संकुलांत सर्वांत जास्त फसवणूक आणि आळस याच खोलीत लपलेला असतो.

आपल्याकडे माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात; त्यातलं सुमारे ४५ लिटर नुसतं फ्लशला जातं. १०० फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे रोज ५४,००० लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी. हे शुद्ध करून फ्लशला आणि बागेला परत वापरलं तर ताज्या पाण्याची गरज तिसऱ्या हिश्शाने खाली येते. उन्हाळ्यात टँकरचं बिल वाचतं ते इथे. आणि एसटीपी बंद पडला तर तेच पाणी गटारातून सरळ गोदेत जातं, जिच्या ‘व्ह्यू’चे आपण पैसे मोजलेत.

खोलीत घाण खाणारे जिवाणू पाळलेले असतात आणि त्यांना चोवीस तास हवा लागते. हवा देणारं यंत्र म्हणजे ब्लोअर. वीजबिल कमी दाखवायचं म्हणून रात्री ब्लोअर बंद करायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. काही तासांत जिवाणू मरू लागतात, आणि सकाळी अत्तराच्या फवाऱ्याने वास झाकला जातो. तेव्हा रात्री अकरानंतर एकदा खाली जाऊन कान द्या. घरघर ऐकू आली तर ठीक.

दुसरी परीक्षा हवा मारायच्या टाकीतल्या पाण्याची. ऑपरेटरला पारदर्शक भांड्यात एक लिटर पाणी काढायला सांगा. रंग गडद चॉकलेटी आणि वास ओल्या मातीसारखा हवा. अर्धा तास ते न हलवता ठेवा. गाळ खाली बसून साधारण भांड्याचा चौथा ते तिसरा हिस्सा व्यापला आणि वरचं पाणी नितळ दिसलं की यंत्रणा ठीक. गाळ नावालाच दिसला तर जिवाणू उपाशी आहेत किंवा मेलेत. पाणी काळं आणि वास सडक्या अंड्यासारखा असेल तर हवा पुरत नाही. पांढरा फेस टाकीच्या काठावरून ओघळत असेल तर जिवाणूंची वाढ अजून कच्ची आहे किंवा कपड्यांचा साबण फार जातोय. नवा एसटीपी सुरू करताना दुसऱ्या चालू प्लांटमधला गाळ आणून टाकतात, अगदी विरजण लावतात तसा. तो आणला होता का, हेही विचारा. अर्ध्याहून कमी फ्लॅट भरलेले असताना यंत्रणा रडतखडत चालते. त्यात बिल्डरचा दोष नसतो, जिवाणूंना खायलाच नसतं.

आपल्या घरातून जाऊन एसटीपी बिघडवणाऱ्या चार गोष्टी: संडासात ओतलेलं ॲसिड, ब्लीच, तळणीचं तेल आणि कमोडमध्ये टाकलेले पॅड किंवा ओले वाइप्स. नवीन आलेल्या प्रत्येक घरात, भाडेकरूंसह, कमिटीने स्वतः जाऊन हे सांगावं. नोटीस बोर्ड कोणी वाचत नाही. घरकाम करणाऱ्या ताईंना तर आवर्जून सांगावं, कारण ॲसिडची बाटली त्यांच्या हातात असते आणि ती आणून देणारे आपण असतो.

शुद्ध झालेलं पाणी फ्लशला येतं तेव्हा ते किंचित पिवळसर दिसू शकतं. त्याला वास नको, एवढंच बघायचं. त्या नळाने भांडी, फरशी, गाडी नाही, बागेला चालतं.

६. गच्चीवरचं पाणी आणि ऊन

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. १,००० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख लिटर. हे ऐकून लोक लगेच शोषखड्डे खणायला निघतात. नदीकाठी जरा दमाने घ्या. खाली काळा पाषाण, वर मुरूम किंवा गाळ, आणि पावसाळ्यात नदीमुळे भूजल आधीच वर आलेलं. जुलैअखेर शोषखड्डा भरून उलटा ओसंडतो. काठाच्या इमारतींना त्यापेक्षा साठवण टाकी फायद्याची. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, मग गाळून टाकीत घ्यायचं.

सोलरसाठी केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि तो ब्लोअर यांचं बिल सोलरच्या विजेतून निघतं. महावितरणकडे नेट मीटरचा अर्ज करण्याआधी गच्चीचा हक्क सोसायटीच्या नावावर झालाय का ते बघा. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर होणं, रखडलेलं असेल तर गच्चीवरून भांडण ठरलेलं.

७. पहिला पावसाळा

नव्या माणसाचा पहिला गोंधळ असा: नाशकात ऊन पडलंय, मग नदी का चढतेय? नदी नुसत्या नाशकातल्या पावसावर चढत नाही. पाऊस त्र्यंबकला, ब्रह्मगिरीच्या बाजूला पडतो. तो नाशिकच्या कितीतरी पट असतो. ते पाणी कश्यपी, गौतमी-गोदावरी आणि गंगापूर धरणात येतं, धरण ठरलेल्या पातळीला पोहोचलं की विसर्ग सुरू होतो. तेव्हा जुलैपासून आकाशापेक्षा त्र्यंबकचा पाऊस आणि गंगापूर धरणाचा टक्का बघायची सवय लावा.

विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर तुमच्या बाल्कनीखालून. धरणाचा आकडा आणि होळकर पुलाखालचा आकडा वेगळा असतो, कारण धरणाच्या खाली आळंदीचं आणि ओढ्यानाल्यांचं पाणी मिळतं. धरणातून कमी सोडलंय म्हणून गाडी तळघरात ठेवायची नाही. शहराची स्वतःची मोजपट्टी अर्थात गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. तुमच्या संकुलाने आपली पट्टी बनवावी. रॅम्पच्या खालच्या भिंतीवर रंगाने खुणा करा आणि प्रत्येक खुणेला काय करायचं ते ठरवून ठेवा.

आमच्याकडे ठरलेला क्रम असा. पहिल्या खुणेला सगळ्या गाड्या वरच्या रस्त्यावर. दुसऱ्या खुणेला लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद, पंप आणि तळघरातली वीज बंद, पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण ताडपत्री आणि वाळूच्या पोत्यांनी घट्ट. हे शेवटचं लोक विसरतात. तळघरातली गाडी वाचते आणि टाकीत पुराचं पाणी शिरतं, मग सगळी बिल्डिंग पोट धरून बसते. टाकीत पाणी गेलंच तर ती पूर्ण उपसून, घासून, क्लोरिनने धुतल्याशिवाय नळ उघडायचा नाही. गाळ ओला असतानाच ढकलून काढा. वाळला की कुदळ लागते.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर किल्ली फिरवण्याने नुकसान दसपट होतं, आणि साध्या विम्यात ते सहसा बसत नाही. नदीकाठी राहायचं तर इंजिन संरक्षणाची जोड घेऊनच विमा काढा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. तो लिफ्टमध्ये चिकटवा.

पुलावर सेल्फीला जाऊ नका हे सांगावं लागू नये, पण दरवर्षी सांगावं लागतं.

८. डास, साप, बिबट्या

पाणवेली वाढते ती सांडपाण्यातल्या खतावर. तिच्याखाली पाणी थांबतं आणि डास होतात. महापालिका यंत्राने ती काढते, पुन्हा येते. आपल्या हातात आहे ते एवढंच: आपलं सांडपाणी तिच्या ताटात वाढायचं नाही, आणि खिडक्यांना जाळ्या मारायच्या.

काठाला दिवड आणि धामण दिसतील, दोन्ही बिनविषारी. घोणसही असते, म्हणून रात्री बागेत चपलेऐवजी बूट आणि हातात टॉर्च. काठी उचलू नका, सर्पमित्र बोलवा. गंगापूर रोडच्या वस्तीत बिबट्या येणं आता बातमी राहिलेली नाही. उसाचे मळे आणि नदीकाठची झाडी ही त्याची जुनी वाट. त्याला खेचून आणतात ती उघड्या कचऱ्यावरची कुत्री. कचरा झाकलेला, पार्किंगमध्ये उजेड, अंधारात मुलं एकटी नाहीत. दिसला तर गर्दी करू नका, वन विभागाला १९२६ वर फोन करा.

हे सगळं ऐकून घाबरला असाल तर नोव्हेंबरात सकाळी सहाला काठावर या. खंड्या, वंचक, टिबुकली, शराटी असे पक्षी दिसतील. आणखी हवं असेल तर पाऊण-एक तासाच्या अंतरावर, निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वर आहे. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

९. काठ आपला एकट्याचा नाही

नदीचं पात्र सोसायटीच्या सातबाऱ्यावर नसतं. पूर्वापार पायवाटेने मेंढपाळ, मासे धरणारे, देवळात जाणारे येतात. कुंपण घालून ती वाट बंद करणं बेकायदा ठरू शकतं, आणि माझ्या मते मूर्खपणाचंही: पुराच्या रात्री मदतीला आधी तीच माणसं येतात.

ओला-सुका कचरा वेगळा न करता घंटागाडीत टाकला तर गाडीवाला परत करतो, बरोबरच करतो. रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या संकुलाला २०१६ च्या नियमांपासून ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा लागतो. खताचे पिंप लाल रेषेच्या वर ठेवा, नाहीतर पहिल्याच पुरात वर्षभराचं खत सायखेड्याला पोहोचेल. गणपतीला संकुलातच मोठा हौद करा, किंवा मूर्ती महापालिकेच्या संकलन केंद्रावर द्या. शाडूची मूर्ती बादलीत विरघळते आणि माती कुंड्यांना होते.

१०. सिंहस्थाचं वर्ष

ऑक्टोबर २०२६ अखेर ध्वजारोहण आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये मुख्य स्नानं. घाट आणि रस्त्यांच्या कामांमुळे रोजच्या वाटा बदलत राहतील, आणि पर्वणीच्या आसपास बॅरिकेडमधून टेम्पो आत येणार नाही. त्यात ते दिवस पावसाळ्याचे. ताबा त्या सुमारास मिळणार असेल तर सामान २०२७ च्या जूनअखेर हलवून घ्या किंवा सरळ दसऱ्याचा मुहूर्त धरा. गॅस, औषधं आणि पिण्याच्या पाण्याचे दोन जार घरात असू द्या, आणि त्र्यंबकचे पाहुणे मुक्कामाला येणार हे गृहीत धरून एक गादी जास्तीची घेऊन ठेवा.